जवळ्याचं ताम्हण

सुका जवळा गीताबाई ताम्हणात निवडायची. वाडीत दुसऱ्या कुठल्या घरी ताम्हण नव्हतंच. देव सोडले तेव्हा देवांची भांडीही गेली. गीताबाईच्या घरात ते आलं ते पुष्कळ नंतर, आणि नवऱ्याच्या पायी आलं. चांगलं जाड पितळेचं, काठाला पाकळ्या. कधीकाळी कुणाच्या देवघरात त्यात देवांना आंघोळ घालत असतील. आता त्यात जवळ्यातले खडे, काटक्या, मधूनच एखादी बारकी शिंपली वेगळी होई. शेजारणीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती म्हणाली, "गो बाय, ह्यात?"

"मग कशात? घरात देव नाय, ताम्हण हाय. त्याला कायतरी काम नको?"

शेजारीण हसली, पण गीताबाई हे हसण्यावारी करत नव्हती. नवऱ्याने आणलेल्या वस्तूला ती शोधून काहीतरी काम लावी. समईचं बूड तिने रॉकेलच्या डब्यावर झाकण म्हणून बसवलं होतं. लोलक तुटलेल्या घंटेत मिरचीचं बी ठेवलं होतं. वस्तूला काम लागलं की तिचं देवपण जातं, असं तिचं मत. काशीराम म्हणे, काम होतं म्हणूनच तर ती अशी दिसते. या दोन मतांवर त्यांचा संसार बरा चालला होता.

पोलादपूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून ही बौद्धवाडी. काशीराम तिथलाच. तरुणपणी तो मुंबईला गेला आणि भायखळ्याच्या एका गॅरेजात डेंटर झाला. ठोकलेल्या मोटारी यायच्या, त्यांचे पोचे मागून ठोकून काढायचे. वरून कितीही घासा, पत्रा सरळ होत नाही. जे करायचं ते मागच्या अंगाने, हे तो तिथे शिकला. बाप गेल्यावर आई एकटी पडली म्हणून परत आला आणि गवंड्याच्या हाताखाली लागला. एका वाडीने विहारासाठी मुंबईहून प्लास्टरची बुद्धमूर्ती मागवली होती. ती एसटीच्या टपावरून उतरवताना तिचं नाक गेलं. काशीरामने ते असं बसवलं, की पुढच्या वाडीने मुंबईला निरोप पाठवलाच नाही, त्यालाच मूर्ती सांगितली. लोखंडी सळ्या, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी, वर सिमेंट. पाच-सात वर्षांत महाड-पोलादपूरच्या खोऱ्यातल्या बऱ्याच विहारांत त्याचे बुद्ध बसले.

इथवर सगळं ठीक होतं. वेड होतं ते वेगळं.

सिमेंट आणायला तो महाडला जाई, पण आधी कासाराच्या दुकानामागे मोडीचा ढीग असे तिथे जाऊन बसे. नव्या भांड्यांकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नाही. मोडीतून तो झिजलेली पळी, बूड निखळलेलं पंचपात्र, नाकडोळे पुसून गेलेला एखादा देवाचा टाक, असलं काही उचलून आणी. कुठल्या धर्माचं याच्याशी त्याला घेणं नसे. महाडला ताबूत निघाले की पंजा धरणाऱ्याच्या बरोबरीने चालत राही, तो पंजा काठीला बांधलाय कसा ते बघत. एकदा खालच्या आळीत मराठ्यांच्या लग्नात मांडवाचं काम करायला गेला होता. सगळे नवरीकडे बघत होते, हा करवलीकडे. तिच्या हातात कऱ्हा होता आणि तिची बोटं त्याच्या गळ्याशी कशी वळतात हे त्याला पाहायचं होतं. नवरीच्या मामाने दंडाला धरून त्याला मांडवाबाहेर काढलं. घरी येऊन त्याने ते जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाला, "गळा बारीक ठेवलाय तो उगाच नाय. पोरीचा हात बारीक असतो."

आपल्या लोकांच्या लग्नातही तेच. मंगलाष्टकांऐवजी गाथा चालू, पाण्याच्या गडूला बांधलेला पांढरा दोरा सगळ्यांच्या हातातून फिरलेला, आणि काशीराम मान वाकडी करून गडूच्या गळ्याकडे बघतोय.

"माझ्या पोरानं देव सोडलं," त्याची आई चंपाबाई म्हणायची, "आणि देवाची भांडी धरलीन."

या वस्तू तो खाटेखाली एका लाकडी पेटीत ठेवी. पूजा सोडा, त्यांना कधी हळदीकुंकवाचं बोट लागलं नाही. दिवसभराचं काम झालं की एखादी काढून हातात घेऊन बसे. कुठे झिजली, कुठल्या बोटाने झिजली, धरणारा डावा की उजवा. गीताबाई विचारायची, "एवढं काय हाय त्यात?" तो म्हणायचा, "हे छिन्नीनं नाय झालं. हे माणसांनी रोज धरून झालंय. मला सात जन्मांत जमायचं नाय." मग ती त्यातलीच एखादी उचलून तिला काम लावायची.

इतक्या विहारांत मूर्ती दिल्या, पण स्वतःच्या वाडीच्या विहारात मात्र नुसता फोटो होता. एकोणऐंशी सालच्या थंडीत कमिटीने ठरवलं की वैशाखातल्या पौर्णिमेला मूर्ती बसवायची. कमिटीचा सेक्रेटरी चंदू. तो मुंबईला गोदीत कामाला होता आणि महिन्या-दोन महिन्यांनी येऊन वाडीचा कारभार बघून जाई. दोन-चार जणांचं म्हणणं होतं, मुंबईहून संगमरवरी आणू, आपल्याला काही कमी नाही. चंदूच म्हणाला, "घरका आदमी असताना बाहेरून कशाला? काशीनाना करील. एकदम फर्स्टक्लास करील." गीताबाईने ते ऐकलं आणि त्या दिवशी भाकऱ्या जरा जास्तच थापल्या. दुसऱ्यांच्या वाड्यांत नवऱ्याचा मान होता. आपल्या वाडीत तो अजून मोडी गोळा करणारा काशीनाना होता. ही मूर्ती विहारात बसली की ते संपणार होतं.

पडवीत मूर्ती उभी राहू लागली. मांडीवर ठेवलेल्या हाताची बोटं त्याला जमेनात, तेव्हा त्याने पेटीतून एक पळी काढली आणि तिच्या दांड्याचा बाक बोटांना दिला. हे गीताबाईने पाहिलं. "कुणाला सांगू नका," ती म्हणाली. डोळ्यांना तर महिना गेला. पापण्या पूर्ण मिटल्या तर झोपल्यासारखं दिसे, जरा उघडल्या तर दचकल्यासारखं. ओल्या सिमेंटवर अंगठा फिरवून फिरवून शेवटी त्या एका जागी आल्या. खाली बघणाऱ्या, पण जाग्या. मग त्याच्या अंगठ्याला ते वळणच लागलं. जेवताना भाताच्या मुदीवर, निजताना उशीवर अंगठा तसाच फिरे.

माघ संपत आला होता. वाडीतले लोक कामाला गेलेले, भर दुपार. घरामागच्या वहाळाच्या अंगाने वरच्या गावचा हैबती आला. खांद्यावर पोतं. उमरठच्या वाटेवर डोंगराच्या पोटात त्याचं गाव, घरची जमीन, आणि गावदेवीच्या पालखीचा मान त्याच्या घराकडे. शिमग्यात पालखीत बसतो तो देवीचा पितळी मुखवटा वर्षभर त्याच्याच घरी पेटीत असे.

"काशीराम हाय काय घरात?"

आयुष्यभर हा माणूस नवऱ्याला 'काशा' म्हणत आला होता. आज काशीराम म्हणतोय म्हणजे काहीतरी अडलंय, हे गीताबाईने ओळखलं. ओटीवर बसलेली चंपाबाई त्याला बघून गुडघ्यावर हात ठेवून उठू लागली. गीताबाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा आत्या."

हैबतीला ती म्हणाली, "जय भीम, हैबतीदादा. चहा ठेवते."

"हां हां. चहा नको. आत्ताच घेतला."

वरच्या गावापासून इथवर रानाची वाट. आत्ताच कुठे घेतला ते गीताबाईने विचारलं नाही.

पोतं खाली ठेवून हैबती बोलू लागला. मुलगा सदू मुंबईहून आला होता, माळ्यावरची पेटी उतरवत होता. पेटी कलंडली, मुखवटा खाली पाट्यावर आपटला. "बरोबर डोळ्यांवर आला. दोनी आत गेले."

"महाडला तांबटाकडं न्या की," गीताबाई म्हणाली.

"तांबटाकडं नेला तर सांजच्याला गावभर. भावकी टपलीच हाय. देवी पाडली म्हणतील, मान काढून घेतील. काशीराम मोटारीचे पत्रे ठोकायचा, म्हणून म्हटलं..."

"आणि हितं आणल्याचं कुणाला कळलं म्हंजे?"

"हितं कोण बघतंय?" हैबती म्हणाला. त्याने ते कुजकेपणाने म्हटलं नाही. अगदी सरळ, कोंबडं कुठे झाकायचं ते सांगावं तसं म्हटलं, आणि गीताबाईला तेच जास्त लागलं.

"नाय जमायचं," ती म्हणाली. "आमच्या विहाराचं काम चाललंय. वाडीला कळलं तर मूर्ती पडवीत राहील आमची..."

पण तोवर काशीरामने पोत्याचं तोंड सोडलं होतं. मुखवटा बाहेर काढून त्याने देवीच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तो पालथा केला आणि आतल्या बाजूला नाक लागेल इतका जवळ नेला. गीताबाईने नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि आता बोलून उपयोग नाही हे तिला कळलं.

"कधी पायजे?" तो म्हणाला.

"होळीच्या आदी."

हैबती आला तसा वहाळातून गेला. गीताबाईने तोंड सोडलं. "तुमाला कळतंय काय, काय घेतलंत ते? चंदूनं तुमचं नाव लावून धरलं. उद्या त्याला कळलं, बुद्ध करणारा देवी ठोकतोय, तर तो काय करील?"

"देवी नाय ती. पत्रा हाय. हे बघ." त्याने तिला आतली बाजू दाखवली. ठोक्यांच्या बारीक ओळी होत्या, तांदूळ पेरावे तशा. "सगळे ठोके उजवीकडनं डावीकडं कलते. म्हंजे करणारा डावखुरा. आणि हनवटीला बघ, हितं दुसरा कोणतरी आलाय. घाई होती त्याला."

"आणि तिसरे तुमी."

"तिसरा मी," तो म्हणाला. तिने टोमणा मारला होता, त्याने तो खरा धरला.

चंपाबाई ओटीवरून म्हणाली, "दाव बघू मला." तिने मुखवटा मांडीवर घेतला. तिचा नवरा, काशीरामचा बाप, दर शिमग्याला या पालखीपुढे दिवटी धरून चालत असे. तेल गळून त्याच्या मनगटावर भाजल्याचे डाग पडलेले. बायकांना मात्र खाली बांधापलीकडे उभं राहायचं असे. तिथून गुलाल दिसायचा, दिवटी दिसायची, पालखीचं छत दिसायचं. चंपाबाईने मुखवटा इकडून तिकडून पाहिला.

"एवढीच व्हय ही?" ती म्हणाली. "आमाला वाटायचं, केवढी आसंल."

मग तिने तो लेकाकडे दिला आणि तंबाखू मळू लागली.

काम दुपारचं होई, वाडी रिकामी असताना. नदीची बारीक वाळू भरलेली पिशवी, तिच्यावर मुखवटा पालथा, आणि कडा दोन्ही हातांनी दाबून धरायला गीताबाई. रागात होती तरी धरत होती, कारण पत्रा हलला असता तर भोक पडलं असतं आणि मग सगळंच निस्तरावं लागलं असतं. काशीराम खैराच्या गोल टोकाच्या दांड्याने आतून ठोके देई, हलके, सुटे. मध्येच थांबून पुढच्या बाजूला नुसती बोटं घालून चाचपे.

"उलटा करून बघा की."

"बघायचं नाय. हाताला कळतं. चांगला जाड हाय पत्रा हितं, आणखी शंभर वर्षं बघायला नको."

डोळे वर आले. पोचे निघाले, कडा बसल्या. आधी ते डोळे कसे होते हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मुखवटा आला तेव्हाच ते आत गेलेले, आणि त्याआधी तो या तिघांपैकी कुणी जवळून पाहिलेला नव्हता. गीताबाईने चिंच आणि राख घेऊन तो लख्ख घासला, जसा पाण्याचा हंडा घासला असता तसा. तिला तो बरा वाटला. हैबती न्यायला आला तेव्हा त्यानेही नीट पाहिलं नाही. पोचे नाहीत एवढं बोटाने बघितलं, फडक्यात गुंडाळलं आणि वहाळात उतरला.

शिमग्यात पालखी नाचली. पहिल्या रात्री गुलालात आणि गर्दीत कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पालखी घरोघर बसू लागली, बाया ओवाळायला जवळ गेल्या, आणि देवी त्यांच्याकडे बघेना. पूर्वी तिचे डोळे चांगले वटारलेले असत. ओवाळणारी जरा भीतच हात पुढे करी. आता देवी खाली, स्वतःच्या ओच्याकडे बघत होती. एक म्हातारी म्हणाली, रागावली, तोंड बघत नाही आपलं. दुसरी म्हणाली, दमली असेल. नवी आलेली एक सून म्हणाली, "मला तर बरी वाटतेय," तिला सासूने गप्प केलं. हैबतीने सांगितलं की चिंच लावून घासली म्हणून तशी दिसते. हे महिनाभर टिकलं.

वरच्या गावची प्रयागबाई बाजाराच्या दिवशी वालाच्या शेंगा घेऊन पोलादपूरला जाई. वाटेत वाडीपाशी चिंचेखाली पाटी उतरवून घटकाभर टेकायची तिची रीत. त्या दिवशी काशीरामने मूर्तीवरचं ओलं गोणपाट काढून ठेवलं होतं आणि गीताबाई सिमेंटवर पाणी मारत होती. प्रयागबाई तंबाखूची पिशवी सोडता सोडता थांबली. मग उठून पडवीशी आली.

"गीते," ती म्हणाली, "आमच्या आयचे डोळे तुझ्या पडवीत कसे गो?"

गीताबाईने मान वळवून बुद्धाकडे पाहिलं आणि तिला ते लगेच दिसलं. तोच बाक, तीच खाली आलेली पापणी. मुखवटा तिने स्वतः घासला होता, ही मूर्ती तिच्या डोळ्यांसमोर रोज उभी होती, आणि इतक्या दिवसांत आपल्याला दिसलं नाही याचा तिला आधी राग आला.

"सिमेंटचे हायत ते. डोळे सगळ्यांचे सारखेच."

"सगळ्यांचे नसतात," प्रयागबाई म्हणाली, आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला गेली.

संध्याकाळी गीताबाईने नवऱ्याला सांगितलं. तो उठून पडवीत गेला, मूर्तीपुढे बराच वेळ उभा राहिला आणि तिथूनच ओरडून म्हणाला, "व्हय की गो!"

"हसताय काय?" ती म्हणाली. "हसू नका. घर बसलं आपलं."

पुढच्या बाजाराच्या आत दोन्हीकडे कळलं. वरच्या गावाला कळलं की देवी कुणाच्या घरी राहून आली, वाडीला कळलं की बुद्ध करणाऱ्याने देवी ठोकली. चंदूला मुंबईला निरोप गेला आणि तो रजा टाकून आला. रविवारी सकाळी कमिटीचे चार जण घेऊन तो अंगणात उभा राहिला.

"ये क्या लफडा है, काशीनाना? मी कमिटीला काय तोंड दाखवू?"

काशीराम काही बोलायच्या आत रस्त्याच्या बाजूने हैबती येताना दिसला. सोबत सदू आणि गावची आणखी माणसं. या वेळी पोतं नव्हतं. सदूच्या हातात परात, परातीत लाल कापड. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ते सरळ पुढच्या अंगणात आले. दारोदारच्या बाया बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"काशीराम," हैबती म्हणाला, "डोळे उघडून दे आमच्या देवीचे. गाव ऐकत नाय. वेगळंबिगळं कायतरी होईल म्हणतात."

चंदू पुढे झाला. "इथं नाय काय व्हायचं. उचला आणि चालू पडा. ही बौद्धवाडी हाय."

"थांब चंदू," दारातून गीताबाई म्हणाली. "मला एक विचारायचं हाय. हैबतीदादा, मागल्या टायमाला मुखवटा हितनं नेलात, त्यावर घरी जाऊन शुद्ध केलात काय?"

सदू म्हणाला, "तो रिवाज असतो वयनी, मनावर नका घेऊ..."

"मी त्यांना विचारतेय. कशानं केलात?"

"गोमूत्रानं," हैबती म्हणाला.

"म्हंजे माझ्या हातची चिंच धुऊन काढलीत. आणि आज नेलात तर?"

हैबती म्हातारा होता आणि खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. चहाचं सोडलं तर. "आजबी करायला लागंल," तो म्हणाला.

गीताबाई नवऱ्याकडे वळली. "ऐकलंत?"

काशीरामने ऐकलं की नाही कळायला मार्ग नव्हता. तो मुखवटा हातात घेऊन उन्हाकडे तिरका करून बघत होता. नेहमी पालथा करून बघणारा माणूस, पण आज समोरून बघत होता. मग त्याने तो उलटा केला, आतून डोळ्याच्या खळग्यात अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"पत्रा पातळ झालाय," तो म्हणाला. "आता ठोकला तर फाटेल."

"फाटेल?"

"डोळ्याच्या जागी भोक पडेल. माझ्याच्यानं नाय व्हायचं. तांबटाला दावा, तोबी हेच सांगेल."

हैबतीने मुखवटा परत परातीत ठेवला. फुटक्या डोळ्यांपेक्षा मिटलेले बरे, हे त्यालाही पटलं असावं. सदूने कापड झाकलं आणि ती माणसं आली त्या रस्त्याने परत गेली. तांबटाकडे ते गेले नाहीत. देवी तशीच राहिली. पुढे दोन-चार शिमग्यांनी गावाला सवय झाली, आणि नंतर आलेल्या सुनांना तर देवीचे डोळे कधी वटारलेले होते हे सांगूनही खरं वाटेना.

रस्ता मोकळा झाल्यावर चंदू म्हणाला, "आता आपलं. घरात देवांची पेटी हाय म्हणतात."

गीताबाईने ती स्वतः खाटेखालून ओढून अंगणात आणली आणि उघडून दिली. "बघ. ह्यातला एकतरी पूजलेला दाव. कुंकवाचा ठिपका दाव."

चंदूने टाक, पळ्या, पंचपात्र वर-खाली केलं. त्याचा आवाज खाली आला. "मला मालूम हाय वयनी, तुमी पूजा करत नाय. पण आमच्या बापानं देव नदीत टाकले, त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाय. भीतीनं. आय कोपऱ्यात बसलेली, आता काय होतंय म्हणून. तुमच्याबी घरात तेच झालं असंल. तेवढी भीती गिळून जे टाकलं, ते आपणच खाटेखाली ठेवायचं? उद्या पोरं विचारतील, बुद्ध ज्यानं केला त्याच्या घरात हे काय. मी काय सांगू?"

अंगणातल्या प्रत्येकाच्या घरात तसा एक दिवस होऊन गेला होता.

"पेटी सावित्रीत, बुद्ध विहारात," चंदू म्हणाला. "नायतर मी मुंबईवरनं मूर्ती आणतो. डिसिजन तुमचं."

गीताबाईला वाटलं, आता नवरा हुज्जत घालेल. डावखुऱ्याचं आणि उजव्याचं सांगत बसेल आणि सगळं घालवील. काशीराम म्हणाला, "टाका," आणि पडवीत जाऊन मूर्तीच्या कानाच्या पाळीला पॉलिशचा कागद लावू लागला.

सासू-सुना दोघी नदीवर गेल्या. उन्हाळ्याची सावित्री, पाणी डोहात तेवढं. गीताबाई एकेक वस्तू काढून डोहात टाकत होती. घंटेतलं मिरचीचं बी तिने आधी पदरात बांधून घेतलं. चंपाबाई काठावर बसून होती.

"मागल्या वक्ताला मीच टाकलं हुतं," ती म्हणाली. "आमचं टाक. चांदीचं, इवलंसं. हे लय जड हाय गो."

"तवा भ्या वाटलं हुतं काय, आत्या?"

"वाटलं तर. घरी येऊन समद्यांच्या कपाळाला हात लावून बघितला, कुणाला ताप भरला काय." तंबाखूची चिमूट गालात धरून ती म्हणाली, "कुणाला भरला नाय."

रिकामी पेटी त्यांनी परत आणली. चांगल्या फळ्यांची होती. तांदळाला उपयोगी पडली असती.

घरी आल्यावर गीताबाईने चूल पेटवली. काशीराम हात धुऊन आत आला आणि नेहमीसारखा खाटेवर टेकला. खाटेखाली हात गेला, पण नुसता जमिनीला लागून परत आला. गीताबाईने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"पत्रा फाटला असता काय खरंच?" तिने विचारलं.

"नाय."

"मग?"

"बरे आलेत डोळे," तो म्हणाला. पाय वर घेत म्हणाला, "आणि तू विचारलंस ते मी ऐकलं."

तिने तवा ठेवला. चुलीच्या बाजूला वैलावर ताम्हण होतं, जवळ्याने भरलेलं. सकाळी पेटी ओढताना ते तिला समोरच दिसलं होतं. दारातून चंदूलाही दिसलं असणार. त्यात जवळा होता म्हणून त्याने ते धरलं नाही, आणि तिने काढून दिलं नाही.

"हे राहिलं?" काशीराम म्हणाला.

"हे जवळ्याचं हाय. ते कशाला टाकतील?"

तो उठून चुलीपाशी आला. एका हाताने जवळा बाजूला सारून त्याने ताम्हणाचा काठ उजेडाकडे केला. बाकी सगळीकडे पाकळ्या उठून दिसत होत्या. एका जागी, जिथे ती निवडताना डावा अंगठा टेकायची, तिथे दोन पाकळ्या गुळगुळीत झाल्या होत्या. त्याने तिथे आपला अंगठा लावून पाहिला. त्याचा अंगठा मोठा होता, तिथे बसला नाही.

"काय बघताय?"

"काय नाय." त्याने जवळा पुन्हा सारखा केला आणि ताम्हण वैलावर होतं तसं ठेवलं. "खडे राहिलेत अजून ह्यात."

"मग निवडा की," ती म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली.

वैशाखात मूर्ती विहारात बसली. लांबलांबचे लोक आले. बुद्धाची बोटं बघून एका गुरुजींनी विचारलं, ही कुठे शिकलात. काशीराम तोंड उघडणार तेवढ्यात गीताबाई म्हणाली, "मुंबईला. गॅरेजात."